आईंची मशेरी, हलणारे दात आणि न उघडलेला ब्रश

पत्र: माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी सासरे गेले, तेव्हापासून फलटणजवळचं गाव सोडून त्या आमच्याकडे हडपसरला राहतात. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. वर आठ-नऊ दात आहेत, खाली पुढचे चारच उरलेत आणि त्यातले दोन हलतात. दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावतात. आम्ही बॅटरीवरचा ब्रश आणला, भारीतली पेस्ट आणली. ब्रशचं पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. डेंटिस्टचं नाव काढलं की म्हणतात, "दात काढला की डोळं जात्यात. आन् आता मला काय लगीन करायचंय का?" मिस्टरांचा आवाज चढतो. गेले दोन महिने त्या आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. आमचं झालं की एकट्या दुधात भाकरी कुस्करून खातात. खालच्या ओठाच्या आत पांढरट चट्टा दिसतो, विचारलं तर "उन्हाचं हाय" म्हणतात. मुलगी सहावीत आहे, तीही हे सगळं बघते. आईंना दातांचं महत्त्व कसं पटवून द्यावं?

उत्तर:

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. तो चट्टा. मशेरी लावणारी बाई ती जिथे दाबून धरते, नेमकी तीच जागा आहे. घाबरवायचं नाही मला. असे बरेचसे चट्टे कर्करोगाचे नसतात आणि तंबाखू सुटली की पुष्कळदा फिके होत होत जातातही. पण कुठला साधा आणि कुठला वाईट, हे आरशात बघून तुम्हाला कळणार नाही. मलाही नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता आलं नसतं. तोंडातला चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांवर टिकली तर ती दाखवायची, एवढा साधा नियम आहे. तेव्हा याच आठवड्यात. डॉक्टरांना शंका आली तर बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतील. बाकी सगळ्याला, म्हणजे ब्रश, कवळी, मशेरी सोडणं, याला महिने लागले तरी चालतील. याला नाही.

आता तुमचा प्रश्न. महत्त्व कसं पटवून द्यावं?

मी तीस वर्षं एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. सुरुवातीच्या काळात एका बाजारच्या दिवशी साठीच्या एक आजी आल्या. गाल सुजलेला. तोंड उघडून बघितलं तर हिरड्यांवर काळा थर. मी तरुण होतो, कॉलेजातून ताजं ज्ञान घेऊन आलेलो. भिंतीवरच्या तक्त्यावरची चित्रं दाखवून मी त्यांना मशेरीवर चांगली दहा मिनिटं ऐकवली. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. शेवटी "बरं" म्हणाल्या. सूज होती म्हणून त्या दिवशी दात काढला नाही, औषध दिलं आणि पाच दिवसांनी बोलावलं. त्या आल्याच नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्या आळीतली एक बाई आली, तिला विचारलं. म्हणाली, "त्यांनी दुसरीकडनं काढून घेतला दात. डिग्री-बिग्री न्हाई त्याला, पर त्यो मानूस बोलत न्हाई."

ते वाक्य मी विसरलो नाही. तुमच्या घरी सध्या फार बोललं जातंय.

पटवून देणं हा शब्द सोडून द्या. आईंना दातांचं महत्त्व कळत नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. एकदा निवांत वेळी, मशेरीला नावं न ठेवता, त्यांना एवढंच विचारा की पहिल्यांदा लावली ती कधी. मी हा प्रश्न शेकडो बायकांना विचारलाय आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: "दाढ दुखत होती." लग्न होऊन आलेली पोर, दाढ ठणकतेय, दवाखाना लांब, सांगायचं कुणाला. मग आई, सासू नाहीतर जाऊ तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजते, घरभर ठसका उठतो, ती चुरून चिमूटभर बोटावर देते. हिरडी बधिर होते, ठणका उतरतो. त्या पोरीच्या आयुष्यातला तो पहिला दातांचा इलाज. मग तोच दात घासायचा नेम होतो, आणि निकोटिनने आतडी हलतात म्हणून "लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई" हेही खरं ठरतं. आईंनी दातांकडे दुर्लक्ष केलंय असं तुम्हाला वाटतं. त्यांच्या हिशेबाने त्या पन्नास वर्षं न चुकता दातांची काळजी घेतायत.

आणि त्यात त्या एकट्या नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे ३.८ टक्के होते आणि तोंडात तंबाखू ठेवणारे, चघळणारे, घासणारे २४.४ टक्के. आपल्याकडची तंबाखू तोंडात बसते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीला कोण अडवणार?

मशेरीत आणखी एक गोष्ट असते, ती तक्त्यावर नसते. गावाकडे सकाळी ओट्यावर किंवा उंबऱ्यात बसून, शेजारणीशी हातवारे करत (तोंड भरलेलं, बोलता येत नाही) घालवलेली ती दहा-पंधरा मिनिटं. बाईला दिवसभरात स्वतःच्या नावावर मिळणारा तेवढाच वेळ. सासरे गेले, गाव सुटलं, ओटा सुटला, शेजारणी सुटल्या. डबी तेवढी बरोबर आली. ती हिसकावून घ्यायला तुम्ही तिघं टपलेले आहात असं त्यांना वाटत असेल, तर त्या ब्रशला हात का लावतील?

"डोळं जात्यात" यालाही हसू नका. दाताच्या आणि नजरेच्या नसा वेगळ्या, वरची दाढ काढल्याने दृष्टी जात नाही, हे खरं. पण या समजाचं मूळ मला तरी सरळ दिसतं. दाढा हलायला लागायच्या आणि मोतीबिंदू पिकायचा, दोन्ही एकाच वयात, साठीच्या आगेमागे. शेजारच्या म्हातारीने श्रावणात दाढ काढली आणि दिवाळीला तिला दिवे धूसर दिसले. झालं! आईंना वाद घालून हरवू नका. डोळ्यांची तपासणी आधी करून आणा. शुगर आहे म्हणजे ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून "आता दात काढायला काही हरकत नाही" एवढं वदवून घ्या. तुमच्या दहा व्याख्यानांपेक्षा ते लवकर उतरेल.

दुसरं असं, की आईंच्या अनुभवात डेंटिस्टकडे जाणं म्हणजे एक दात कमी होऊन येणं. गावात दुखेपर्यंत कुणी जात नाही, दुखायला लागल्यावर बहुधा काढण्याशिवाय उपाय उरत नाही, आणि मग "गेलं की काढतात" हे प्रत्येक खेपेला सिद्ध होतं. "वय झालं की दात जाणारच" हेही त्यातूनच आलं. खरं तर दात वयाने पडत नाहीत, हिरडीच्या रोगाने आणि किडीने पडतात. जपानने १९८९ मध्ये "ऐंशीव्या वर्षी वीस दात" अशी मोहीम काढली. तेव्हा तिथे हे साधणारे म्हातारे मोजकेच होते. २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या आसपासचे निम्म्याहून जास्त लोक त्यात बसले. देश तोच, वयही तेच.

आणि "मला काय लगीन करायचंय का" याचा अर्थ, ताई, "माझ्यावर खर्च करू नका" असा आहे. मुलाची अर्धी रजा, रिक्षा, डॉक्टरची फी, हे सगळं त्या मनात मोजतात. स्वतःचा पैसा कधी हातात न खेळलेली बाई आजार लपवते, त्यातही जो दुखत नाही तो आधी. त्यामुळे "पैशाची काळजी करू नका" असं मोघम म्हणून भागत नाही. डॉक्टरांकडून आधी आकडा घ्या, काय आत्ता आणि काय सहा महिन्यांनी हे लिहून घ्या आणि तो कागद आईंना वाचून दाखवा. खर्च जड वाटला तर पुण्यात खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडी आहेत, तिथे दवाखान्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. वेळ जास्त लागतो, कारण विद्यार्थी काम करतात आणि वर सर तपासतात. दुसऱ्या गावच्या वाचकांसाठी: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत पालिकेचं नायर दंत रुग्णालयही आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीसुद्धा यादीत आहे. उत्पन्नाची अट आहे, पण ज्यांना लागू होते त्यांना बहुतेकदा हे माहीतच नसतं.

आता जेवणाचं. दोन महिने त्या ताटावर बसत नाहीत, हे वाचून मला चट्ट्याच्या खालोखाल वाईट वाटलं. कारण मशेरी नसावं. दाढा नसलेल्या माणसाला घास पुढच्या दातांनी आणि जिभेने वळवावा लागतो, आवाज होतो, ओठातून बाहेर येतं, वेळ लागतो. तुमचं दहा मिनिटांत उरकतं, त्यांची अर्धी भाकरी तशीच असते आणि सगळे बघत थांबतात. लाज वाटते हो. आठवड्यातले दोन-तीन दिवस सगळ्यांच्याच ताटात मऊ करा. मुगाची खिचडी, पिठलं-भात, आमटीत मुरलेली भाकरी. आईंसाठी वेगळं नको, वेगळं केलं की पुन्हा आजारी माणसाचं ताट झालं. आणि मिस्टरांना सांगा, जेवताना दात हा विषय बंद. नुसत्या दूध-भाकरीवर राहिलं की डाळी, उसळी, भाज्या सुटतात आणि शुगरचंही गणित बिघडतं.

शुगर आणि हिरड्यांचं नातं दोन्हीकडून आहे. साखर वाढलेली राहिली की हिरड्या सुजतात, दात सैल होतात. आणि हिरड्यांत पू-सूज राहिली की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. हे वाक्य आईंना सांगण्यासारखं आहे, कारण शुगरला त्या घाबरत असतील. दाताला नाही घाबरत. शिवाय बीपीच्या काही गोळ्यांनी आणि चढलेल्या साखरेनेही तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की हिरडी सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. तो भाग दाताच्या वरच्या कवचापेक्षा नरम असतो. राखुंडी, मीठ, कोळसा, खरखरीत लाल दंतमंजन यांनी तोच भाग झिजतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना फक्त सांगायचं. पाण्याचे घोट घ्यायचे, आणि तोंड ओलं राहावं म्हणून लिमलेटच्या गोळ्या चघळायच्या नाहीत.

तुम्ही आणलेला ब्रश का पडून आहे, त्याचा मी अंदाज करतो. तुमचं बेसिन उभं राहून वापरायचं आहे. बाथरूमची फरशी ओली असते, सकाळी बाहेर दोघंजण घाई करत असतात. आईंनी जन्मभर बसून, तांब्या शेजारी ठेवून, उजेडात तोंड धुतलंय. ब्रश हातात थरथरतो, गुर्रर्र आवाज करतो. पुदिन्याची पेस्ट कोरड्या तोंडाला झोंबते आणि फेसाने ओकारी येते.

बाल्कनीत एक बुटका स्टूल ठेवा. तांब्या, तसराळं, भिंतीला आरसा. साधा, अगदी मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश. बोटं आखडत असतील तर दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवा नाहीतर जुन्या साडीची चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधा. मी दवाखान्यात चिंधीचाच सांगायचो, धुऊन बदलता येते. पेस्ट कमी झोंबणारी, फ्लोराइडची. ट्यूबवर १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं असावं, आणि घ्यायची वाटाण्याएवढी. हलणाऱ्या दातांनाही घासायचं, हलक्या हाताने. न घासल्याने ते आणखी लवकर जातात. रात्रीचं घासणं सगळ्यात महत्त्वाचं. त्यानंतर थुंकायचं, खळखळून चुळा भरून पेस्ट धुऊन काढायची नाही. सुरुवातीला आईंनी बोटानेच पेस्ट लावली तरी टोकू नका. बोट त्यांच्या सवयीचं आहे, ब्रश येईल मागाहून.

आता दवाखान्यात न्यायचं कसं. चट्ट्यासाठी नेताना "मशेरी सोडवायला" असं चुकूनही म्हणू नका. "आई, भाकरी नीट चावून खाता आली पाहिजे, काय करता येईल ते नुसतं बघून येऊ." आणि खरोखरच पहिल्या खेपेला नुसतं बघायचंच, दात काढायचा नाही, हे डॉक्टरांना आधी फोन करून सांगा. चट्टा दाखवायचा आहे हेही त्यांना त्याच फोनवर कळवा. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत, ताजा शुगरचा रिपोर्ट. रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा हाडांच्या ठिसूळपणाचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते दात काढायच्या आधी सांगणं फार गरजेचं. ती गोळी स्वतःहून थांबवायची नाही. आणि खुर्चीत आई बसल्या असताना डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले, तर तुम्ही आईंकडे बघा. पाच सेकंदांत डॉक्टरही बघतील.

कवळीची वेळ पुढे येईल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की पुष्कळ कवळ्या डबीत राहतात आणि लग्नाला बाहेर निघतात. त्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: टोचली, काढून ठेवली, परत दाखवायला कुणी नेलं नाही. नवी कवळी टोचतेच, घासून बसवावी लागते, दोन-तीन खेपा धरूनच चाला. खालची जास्त हलते. काही दिवस बोलताना शीळ वाजेल, नातीला आधीच सांगून ठेवा हसायचं नाही म्हणून. रात्री काढून पाण्यात ठेवायची, साबणाने मऊ ब्रशने धुवायची, उकळतं पाणी नको. धुताना खाली पाण्याचं भांडं ठेवा. हातून सुटली तर फरशीवर दोन तुकडे होतात.

मशेरी. एकदम बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्यात, पण थोड्या. पाचाची चार, मग तीन. सकाळची पहिली अर्ध्या तासाने पुढे ढकलायची. पोट अडेल, चिडचिड होईल, झोप उडेल, ही लक्षणं पहिले काही आठवडे असतात. कोमट पाणी, सकाळचं चालणं, ताटात पालेभाजी. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप किंवा लवंग. निकोटिनचं च्युइंगम त्यांना या दातांनी जमणार नाही, त्याऐवजी अंगाला चिकटवायची निकोटिनची पट्टी चालेल का हे बीपीच्या डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत फोन आहे. आधी तुम्ही करा, मग आईंना द्या. पण त्या ओट्यावरच्या पंधरा मिनिटांचं काय? ती भरून द्यावी लागतील. सोसायटीत फलटण-बारामतीकडची एखादी म्हातारी नक्की असेल, शोधा. नाहीतर गावच्या शेजारणीला रोज सकाळी व्हिडिओ कॉल. नातीला लावून द्यायला सांगा, आणि आजी ते काळं का लावते हेही तिला आजीकडूनच ऐकू द्या. मुलीसमोर आजीचा गुन्हा करू नका. ती दाढदुखीची गोष्ट ऐकली की ती मशेरीच्या वाटेला जाईल अशी भीती मला वाटत नाही.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दिलंत तर त्यांना सांगा, दवाखान्यात आईंबरोबर आत तुम्ही जायचं, ते बाहेर गाडीपाशी थांबले तरी चालेल.

चट्टा दाखवलात की काय म्हणाले ते दोन ओळींत कळवा. वाट बघतो.